फियाटची बिजागरी

आमच्या फियाटच्या डाव्या बाजूच्या पुढच्या दाराला दोन बिजागऱ्या होत्या. एक वर, एक खाली. त्या झिजल्या आहेत हे मला ठाऊक होतं. किती दिवस ठाऊक होतं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर दोन वर्षं असं आहे. हे उत्तर मी बरीच वर्षं कुणाला दिलं नाही. आज लिहून टाकतो.

गाडीचं नाव खरं तर प्रीमियर पद्मिनी. पण आमच्याकडं तिला सगळे फियाटच म्हणायचे. आधी ती फियाट म्हणूनच कुर्ल्याच्या कारखान्यातून निघायची, मग नाव बदललं, पण माणसांच्या तोंडातलं जुनं नाव काही गेलं नाही. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. १९७९ सालचं मॉडेल, १९९१ साली आम्ही कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांकडून घेतलं. त्या साली गुळाला दर बरा लागला होता. आमचं गाव कोल्हापूरहून राधानगरीला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आहे. गाडी दारात आली तेव्हा आईनं तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला होता.

डॉक्टरांनी गाडी जपून वापरली होती. दारं एका बोटानं लागायची. आमच्याकडं आल्यावर शेतकऱ्याच्या घरात गाडीचं जे होतं ते झालं. डिकीत पेंड, मागच्या सीटवर खताची पोती, आणि कुणाच्या घरी बाळंतीण असो नाहीतर साप चावलेला असो, रात्री-अपरात्री हाक आली की गाडी बाहेर. त्या सगळ्यात जास्त उघडझाप व्हायची ती डाव्या बाजूच्या पुढच्या दाराची. ड्रायव्हरशेजारची ती मानाची जागा. तिथं आई बसायची.

आईचे गुडघे गेलेले. ती उतरताना आधी पाय बाहेर ठेवायची, मग उघड्या दाराचा वरचा काठ दोन्ही हातांनी धरायची आणि सगळा भार त्याच्यावर टाकून उठायची. आमच्या घरात येणारी सगळी म्हातारी माणसं तशीच उतरायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण घराच्या दाराला माणूस असंच धरून उठतं.

पण घराचं दार वेगळं आणि गाडीचं वेगळं. आमच्या जुन्या घराच्या दाराला लोखंडी बिजागरी नव्हतीच. फळीला वर-खाली लाकडाचे खुंट होते, आणि खालचा खुंट दगडाच्या खळग्यात फिरायचा. दाराचा सगळा भार त्या दगडावर. म्हणून ते दार तीन पिढ्या टिकलं. फार तर करकरायचं, मग खळग्यात थोडं तेल सोडायचं. गाडीच्या दाराखाली दगड नाही. ते हवेत लोंबतं. त्याचं वजन, आतली काच, वर धरून उठणारं माणूस, सगळं ओझं दोन पिनांवर. वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते. पिन ज्या भोकात फिरते ते भोक आधी गोल असतं. ओढून ओढून ते लांबट होतं. भोक केसभर लांबट झालं तरी दाराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं बोटभर होतं, आणि दार खाली येतं.

१९९५ च्या सुमाराला आमचं दार खाली आलं. लावताना खट असा आवाज येण्याऐवजी धप्प असा येऊ लागला. पहिल्यांदा लागायचंच नाही, पुन्हा उघडून आपटावं लागायचं. मी गावाजवळच्या फाट्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथल्या पोरानं दार अर्धं उघडलं, टोकाला धरून वर उचललं. दार हलकेच वर गेलं आणि सोडल्यावर खाली आलं. मला म्हणाला, "काका, बिजागऱ्या गेल्यात. दार उतरवावं लागतंय. दोन दिवस गाडी ठेवावी लागंल."

उसाला तोड आली होती. दोन दिवस गाडी ठेवायला मला सवड नव्हती. मी विचारलं, "दुसरं काय होतंय का?"

"होतंय की," तो म्हणाला. "पट्टी खाली घेऊया."

गाडीच्या खांबावर एक लोखंडी पट्टी असते, तिच्यात दाराचं लॉक जाऊन अडकतं. तिचे स्क्रू ढिले केले की ती थोडी वर-खाली सरकते. ही सोय गाडी बनवताना दार नेमकं बसवण्यासाठी केलेली असते. त्यानं स्क्रू ढिले केले, पट्टी खाली सरकवली, पुन्हा आवळली. पाच मिनिटांचं काम. पैसे पण घेतले नाहीत. दार लागायला लागलं. मी म्हटलं, "चालतंय की."

बघा, दार खाली आलं होतं. दार वर घ्यायच्या ऐवजी आम्ही कडी खाली घेतली. झीज होती तिथंच राहिली.

सहा-आठ महिन्यांनी दार आणखी खाली आलं. या खेपेला मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पट्टी स्वतःच खाली घेतली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला पट्टीला खाली सरकायला जागा उरली नाही. आता दार लागायचं, पण लॉक पुरतं अडकायचं नाही, निम्म्यावरच राहायचं. चालत्या गाडीत दार खडखड वाजायचं.

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. आई बसली की मी माझ्या बाजूनं खाली उतरायचो, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला यायचो, दार खालून हातानं उचलायचो आणि नीट लावायचो. मग बाहेरून ओढून बघायचो. आई म्हणायची, "किती रं करतोस माझं." मला बरं वाटायचं. म्हणजे दारात काय दोष आहे, त्याचा धोका काय आहे आणि त्यावर उपाय काय, हे सगळं मला नीट कळत होतं.

१९९७ च्या फेब्रुवारीत उन्हाळी मिरचीची रोपं आणायला मी गेलो. बरोबर आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी होत्या. वीस वर्षं त्या आमच्या रानात राबत होत्या. भांगलण असो, उसाच्या मोळ्या बांधणं असो, गुऱ्हाळावर चुलीला चिपाडं घालणं असो. रोप कुठलं धरेल आणि कुठलं मरेल हे त्यांना नुसतं बघून कळायचं, म्हणून मी त्यांना बरोबर घेतलं. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना मावशी म्हणायचो आणि अगं-तुगं करायचो. त्या मला दादा म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. आज लिहिताना त्यांना अहो-जाहो करतोय, तेव्हा करत नव्हतो.

येताना मागच्या सीटवर खताची पोती टाकली. मावशी पुढं बसल्या. रोपांची पाटी कुठं ठेवायची? डिकीत रोपं गुदमरतील. म्हणून त्यांनी पाटी मांडीवर घेतली, वर ओलं गोणपाट. मी स्टिअरिंगवर बसल्या बसल्या म्हटलं, "मावशे, दार जोरात ओढ." त्यांनी ओढलं. धप्प आवाज आला. मी गाडी सुरू केली. मी उतरलो नाही. वळसा घातला नाही. दार उचललं नाही.

मोठ्या रस्त्यावरून आमच्या गावाला उजवीकडं वळावं लागतं. गाडी काही फार वेगात नव्हती. पण उजवीकडं वळताना आतलं माणूस डावीकडं जातं. मावशी दाराला टेकल्या. दार उघडलं. त्या पाटीसकट रस्त्याच्या कडेच्या खडीवर पडल्या.

मी धावत गेलो तेव्हा त्या उठून बसायला बघत होत्या. डावा हात कोपरात वाकडा झाला होता. त्या म्हणाल्या, "रोपं मोडली वो दादा."

कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. कोपराचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. सगळा खर्च मी केला. तीन महिने त्यांची मजुरी घरपोच दिली. गावात लोक म्हणाले, माणूस मोठ्या मनाचा, दुसरा असता तर हात वर केले असते. पोलिसांचा प्रश्न आला नाही, कारण मावशींनीच सगळ्यांना सांगितलं, "माझंच चुकलं. मीच दाराला टेकले." त्यांचा मुलगा मला भेटायला आला आणि म्हणाला, "दादा, तुमचं लई उपकार झालं." मी त्याला चहा पाजला. मान खाली घालून बसलो. त्याला वाटलं मला वाईट वाटतंय. वाईट वाटतच होतं. पण त्याला वाटलं त्या कारणानं नाही.

मग मी दार दुरुस्त करायला घेतलं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनांच्या काळापासून तिथं लेथवर हात बसलेली माणसं आहेत. कुठलाही लोखंडाचा तुकडा पुढं ठेवा, ते त्याचा जोडीदार बनवून देतात. एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, नवी बिजागरी मागवा, मिळते, पण थांबावं लागेल. दुसरी, भंगारातली घ्या. पण भंगारातल्या गाडीचंही हेच दार जास्त वापरलेलं असणार, म्हणजे दुसऱ्याची झीज विकत घेतल्यासारखं. तिसरी, बिजागरीचं अंग अजून धड आहे, फक्त भोक आणि पिन गेलीय, तर भोक मोठं करून आत पितळेचा बुश बसवायचा आणि नवी पोलादी पिन टर्न करायची. आम्ही तिसरी वाट धरली.

त्यांचं काम मी दिवसभर स्टुलावर बसून बघितलं. आधी दाराखाली जॅक लावला, जॅकवर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर गोणपाटाची घडी, म्हणजे पत्रा दबू नये. बिजागरी खोलायच्या आधी तिच्या कडेनं खिळ्यानं बारीक रेघ मारली, म्हणजे परत तिथंच बसेल. एका वेळी एकच बिजागरी काढली. जुनी पिन माझ्या हातावर ठेवली. तिच्या एका बाजूला खाच पडली होती, बोट फिरवलं की लागायची. भोक भोपळ्याच्या बीसारखं लांबट झालं होतं.

मी विचारलं, "बुश पण पोलादाचा का करत नाही? जास्त टिकंल."

मिस्त्री म्हणाले, "दोन कडक माणसं एकमेकांवर घासली की दोघं पण खराब होतात. एक मऊ पाहिजे. पितळ झिजतं, पिन वाचते. चार-पाच वर्षांनी बुश काढायचा, नवा घालायचा. स्वस्तातलं काम. पण बघावं लागतं. मऊ आहे म्हणून झिजतोय झिजू दे, असं करून चालत नाही. बुश संपला की मग सगळंच जातं."

मग दार बसवलं, हळूच लावून बघितलं, मागच्या दाराशी रेघ जुळते का ते पाहिलं, पुन्हा थोडं हलवलं. दोन्ही पिनांवर मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडले. शेवटी ते खांबावरच्या पट्टीकडं वळले. पट्टी आता जागेवर, वर न्यायची होती. स्क्रू ढिले करून त्यांनी पट्टी वर सरकवली. तिच्याखाली रंगावर तीन आडव्या खुणा दिसल्या, एकाखाली एक. पट्टी तीनदा जिथं जिथं आवळली होती तिथं तिथं रंग दबला होता.

मिस्त्रींनी विचारलं, "ही खाली कुणी घेतली?"

मी म्हटलं, "आधीच्या मालकानं घेतली असंल."

त्यांनी स्क्रूच्या डोक्याकडं बघितलं. खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे होते, चकचकीत. सहा वर्षांपूर्वीचा ओरखडा चकचकीत राहत नाही, गंजतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. पट्टी आवळली आणि दार लावलं. खट. एका बोटानं.

सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झालं. दोन दिवस गाडी ठेवावी लागली नाही, एकच दिवस लागला.

त्या दोनशे रुपयांनी माझं डोकं पुढं कित्येक वर्षं खाल्लं. मी स्वतःला विचारायचो, झालं तो अपघात का ते माझं कृत्य? मी मावशींना ढकललं नाही. मला त्यांचं वाईट करायचं नव्हतं. कुणी मला विचारलं असतं की दोनशे रुपये आणि मावशींचा हात यातलं काय निवडतोस, तर मी क्षणाचा विचार केला नसता. पण आयुष्यात असं समोर मांडून कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "आज करायचं का पुढच्या आठवड्यात?" आणि आपण म्हणतो, पुढच्या आठवड्यात. असे शंभर आठवडे मी म्हटलं. त्यातला एकही आठवडा पाप म्हणण्यासारखा नव्हता. पण सगळे मिळून काय होते?

शेतकऱ्याची बाजू मला माहीत आहे, कारण मी तीच जगलो. सगळं नीट झाल्यावरच काम करायचं म्हटलं तर आमचं एक काम होणार नाही. पाऊस थांबत नाही, तोड थांबत नाही, म्हैस थांबत नाही. तारेनं बांधायचं, रबरानं आवळायचं आणि पुढं जायचं. ह्यात अक्कल लागते. त्याला नावं ठेवणारा माणूस बहुतेक पगारावर जगणारा असतो. पाइप फुटला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मी पाणी पाजलं, तर त्यात कुणाचं काय गेलं? पाणी गळलं तर माझं गळेल.

पण मोटारीच्या पेटीत फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तांब्याची तार टाकणं वेगळं. मोटार चालते. ती चालू करायला रात्री ओल्या पायानं कोण जातं? कडबाकुट्टीचं झाकण वैरण अडकतं म्हणून काढून ठेवणं वेगळं. मशीन झपाझप चालतं. त्यात वैरण कोण सारतं? मळणी यंत्रात पेंढ्या सारताना हात जाण्याचं प्रमाण इतकं झालं की १९८३ साली देशात धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, आणि त्यात मळणीचं यंत्र मुद्दाम घेतलं गेलं. ज्यांचे हात गेले त्यांच्यात यंत्राचे मालक किती आणि मजूर किती, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात आठवून बघावं.

म्हणून हळूहळू मला एवढं उमगलं की "चालतंय की" हे वाक्य अर्धं आहे. पुढं विचारायचं राहून जातं, "कुणाला चालतंय?" मला चालत होतं, कारण मी उजव्या बाजूला बसत होतो. आईला चालत होतं, कारण तिच्यासाठी मी उतरत होतो. ज्यांच्यासाठी उतरायचं मला सुचलंच नाही त्यांना ते चालत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. नुसता विसराळूपणा असता तर मी आईच्या वेळीही विसरलो असतो. तिच्या वेळी मी एकदाही विसरलो नाही.

२००९ साली आई गेली. दहाव्याला मावशी आल्या होत्या. त्यांचा डावा हात कोपरात सरळ होत नव्हता तो नव्हताच. मोळी बांधता येत नव्हती, वैरणीचा भारा डोक्यावर घेता येत नव्हता. उजव्या हातानं भांगलण मात्र करायच्या. मी त्यांना पूर्ण मजुरी देत होतो, आणि त्याचंही गावात कौतुक होतं. त्या दिवशी सगळे उठून गेल्यावर त्या गोठ्याजवळ बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. दार नादुरुस्त आहे हे मला दोन वर्षं माहीत होतं, पट्टी मीच खाली घेतली होती, आईसाठी मी उतरत होतो आणि तुझ्यासाठी उतरलो नाही, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं की."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी म्हटलं, "काय ठावं हुतं?"

"दार नीट लागत न्हाई ते. त्या आधी चार-पाच येळा बसले हुते न्हवं मी गाडीत. तवा मी दार आतनं हातानं धरून बसायची, घर येईस्तवर. त्या दिवशी दोन्ही हात तुमच्या रोपांच्या पाटीला हुते."

मी बराच वेळ गप्प बसलो. मग विचारलं, "मग माझंच चुकलं असं का सांगितलंस सगळ्यांना?"

त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमचं चुकलं म्हणून मग उद्या कुणाच्यात कामाला जायचं हुतं, दादा?"

बारा वर्षं मी समजत होतो की मावशींना काही माहीत नाही, आणि माहीत झालं की एक तर त्या रागावतील नाहीतर माफ करतील. मनातल्या मनात मी दोन्हीची तयारी केली होती. त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, याची तयारी मी केली नव्हती. मला वाचवायचं म्हणून त्यांनी दोष अंगावर घेतला नव्हता. त्यांच्या चुलीसाठी घेतला होता. आणि तोच मी बारा वर्षं त्यांचा मोठेपणा म्हणून मनात जपला होता.

तेव्हापासून माफीबद्दल माझं मन साशंक झालंय. कीर्तनात ऐकतो की चूक कबूल केली की मन हलकं होतं. माझं झालं, खोटं कशाला सांगू. पण माफ करणारं माणूस आपल्याच रानात कामाला येत असेल, तर त्यानं केलेल्या माफीला किती तोलायचं? जो "नाही" म्हणू शकत नाही त्याच्या "असू दे"चा अर्थ काय? मावशी त्या दिवशी "असू द्या आता" असं म्हणाल्या. ते मी घेतलं, पण पुरतं घेतलं नाही. घेऊ नये असं मला वाटतं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या मुलासमोर, सुनेसमोर आणि बरोबर नेलेल्या माझ्या दोन्ही मुलांसमोर तेच सगळं पुन्हा सांगितलं. मावशींना ते आवडलं नाही. "आता कशाला?" म्हणून त्या आत निघून गेल्या. त्यांचा मुलगा काही बोलला नाही. पूर्वी तो वाटेत भेटला की हात जोडायचा. त्यानंतर हात जोडत नाही. नुसती मान हलवून जातो. मला ते जास्त बरोबर वाटतं. मावशींना रानातलं काम बंद केलं आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. मुलांना सांगितलंय, ही मदत नाही, देणं आहे, मी असो-नसो द्यायचं. रक्कम सांगत नाही, कारण कितीही असली तरी कोपर सरळ होत नाही.

फियाट अजून गोठ्याच्या कडेला उभी आहे. तिचे पार्ट आता सहजी मिळत नाहीत. कारखाना २००० च्या सुमारास थांबला, आणि मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. माझ्या गाडीचं इंजिन गेलंय, पत्रा खालून खाल्लाय. पण डाव्या बाजूचं पुढचं दार आजही एका बोटानं लागतं. दर दिवाळीला मी त्या पिनांवर तेल सोडतो. मधे एकदा बुशही बदलून घेतले. नातू विचारतो, "आजोबा, गाडी तर चालत नाही, मग दाराला तेल कशाला?" त्याला सांगण्याजोगा तो झाला की हे वाचायला देईन.

मुलानं नवी गाडी घेतलीय. तिचं दार नीट लागलं नाही तर समोर तांबडा दिवा लागतो आणि गाडी टिंग टिंग वाजत राहते. पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा मला मावशी आठवल्या. आमच्या फियाटमध्येही दार लागलं नाही हे कळणारं माणूस बसलेलं होतं. त्यानं तोंड उघडावं अशी सोय मी ठेवली नव्हती.

आता मला एक खोड लागलीय. कुणाच्याही गाडीत, जीपमध्ये, ट्रॉलीत बसायच्या आधी मी दार किंवा फाळका टोकाला धरून उचलून बघतो. हललं तर मालकाला सांगतो. लोक हसतात. म्हणतात, "काका, चालतंय की वो." मी म्हणतो, "मग त्या बाजूला तुम्ही बसा." बहुतेक जण तेव्हा हसायचं थांबवतात आणि उतरून एकदा बघतात.